संस्कारकथेतील निवेदकाचे स्थान : ‘सेव्हन्थ हेवन’ या मालिकेच्या अनुषंगाने

१

धर्मनिष्ठ कुटुंबात मुले वाढविली जाण्याची कथा ही अनेक भाषांतील वाङ्मयात आढळणारी कथा आहे. तिला येथे ‘संस्कारकथा’ असे म्हटले आहे. या कथेत घर हे मध्यवर्ती स्थळ असते, आईवडील ही मूल्यांची अधिष्ठाने असतात आणि मुलांच्या लहानमोठ्या चुका हे कथानकाचे साहित्य असते. अशा कथेची चर्चा करताना समीक्षक बहुधा तिच्यातील मूल्यांविषयी बोलतात. ती मूल्ये ग्राह्य आहेत की कालबाह्य, चित्रण सोज्वळ आहे की गोडगोड, याभोवतीच ही चर्चा फिरते. ही मूल्ये कोण सांगतो आहे आणि कोणत्या काळातून सांगतो आहे, हा प्रश्न त्यामानाने दुर्लक्षित राहतो.

प्रस्तुत लेखात हा कथनविषयक प्रश्न एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या आधारे तपासावयाचा आहे. ‘सेव्हन्थ हेवन’ ही मालिका २६ ऑगस्ट १९९६ रोजी ‘डब्ल्यूबी’ या वाहिनीवर सुरू झाली आणि १३ मे २००७ रोजी ‘सीडब्ल्यू’ या वाहिनीवर संपली. अकरा पर्वे आणि २४३ भाग एवढा तिचा विस्तार आहे. ब्रेंडा हॅम्प्टन या तिच्या निर्मात्या-लेखिका. एक प्रॉटेस्टंट पाळक, त्याची पत्नी आणि त्यांची मुले यांची ही कथा आहे. संस्कारकथेची बहुतेक सर्व लक्षणे तिच्यात आहेत. मात्र या परंपरेतील एक महत्त्वाचा घटक तिच्यात नाही. तो घटक म्हणजे मोठेपणी मागे वळून पाहणारा निवेदक. या एका अभावामुळे संस्कारकथेचा घाट कसा पालटतो आणि त्यातून कोणते प्रश्न उभे राहतात, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

२

परंपरेतील निवेदकाचे कार्य आधी स्पष्ट करावयास हवे. त्यासाठी मराठी वाचकाच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या या पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातील मित्रांना बेचाळीस रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. कथा सुरू होते तेव्हा आई हयात नाही आणि श्याम घडून गेलेला आहे. म्हणजे आईच्या शिकवणुकीचे फळ काय झाले, हा प्रश्न कथेच्या प्रारंभीच सुटलेला असतो. सांगणारा समोर बसलेला आहे आणि त्याचे असणे हेच ते फळ आहे.

पोहायला जाण्यास घाबरणाऱ्या श्यामला आई मारते, हा प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. नुसती घटना घेतली तर एका भित्र्या मुलाला शिक्षा झाली, एवढेच तिच्यात आहे. परंतु ती घटना सांगणारा श्याम तो मार आईच्या मायेचाच भाग म्हणून सांगतो आणि वाचक त्याचा अर्थ मान्य करतो. कारण ज्याला मार बसला तोच आता साक्षीदार म्हणून बोलत असतो. घटनेला अर्थ देण्याचा अधिकार येथे मुलाकडे आलेला आहे आणि मुलाने तो आईच्या बाजूने वापरला आहे. अशा निवेदकाला ‘कृतज्ञ निवेदक’ म्हणता येईल.

अमेरिकन परंपरेतही हा निवेदक दिसतो. १८६७ साली जन्मलेल्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांनी सीमाप्रदेशातील आपल्या बालपणावरचे पहिले पुस्तक १९३२ मध्ये, म्हणजे वयाच्या पासष्टीत, प्रसिद्ध केले. ही पुस्तके तृतीयपुरुषी असली तरी त्यांच्या मुळाशी एका वृद्ध स्त्रीचे स्मरण आहे, हे वाचकाला ठाऊक असते. त्यांवर आधारलेल्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ (१९७४-८३) या मालिकेतील अनेक भागांत लॉराचे निवेदन ऐकू येते. ‘द वॉल्टन्स’ (१९७२-८१) या मालिकेत तर ही योजना अगदी उघड आहे. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात, महामंदीच्या काळात राहणाऱ्या एका मोठ्या कुटुंबाची ही कथा अर्ल हॅम्नर यांनी स्वतःच्या बालपणावरून रचली. थोरला मुलगा जॉन-बॉय पुढे लेखक झाला आहे आणि तोच आपल्या घराविषयी सांगतो आहे, अशी ही योजना. भागाच्या आरंभी आणि शेवटी येणारा प्रौढ जॉन-बॉयचा आवाज हॅम्नर यांचा स्वतःचा होता. मंदी सरली आणि मुलगा लेखक झाला, हे प्रेक्षकाला पहिल्या वाक्यापासून कळलेले असते. त्यामुळे प्रसंग कितीही बिकट असला तरी त्याच्याभोवती एक आश्वासन असते.

संस्कारकथेतील निवेदक अशा रीतीने तीन कामे करतो. तो घटनेला अर्थ देतो, आईवडिलांच्या निर्णयांना उत्तरकालीन मान्यता देतो आणि कथेला शेवट पुरवितो. ‘सेव्हन्थ हेवन’मध्ये ही तिन्ही कामे करणारा कोणी नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. नाट्यरूपात निवेदक नसणे हे स्वाभाविकच आहे. मग त्याला अभाव का म्हणावे? याचे उत्तर असे की, ज्या मालिकांची परंपरा ‘सेव्हन्थ हेवन’ पुढे चालविते, त्या मालिकांनी नाट्यरूपात राहूनही निवेदक राखला होता. शिवाय या मालिकेचा काळ भूतकाळ नाही. तिची कथा प्रेक्षकाच्या स्वतःच्या वर्तमानात घडते. म्हणून निवेदक गळणे हा येथे केवळ तंत्राचा भाग राहत नाही. तो आशयाचा भाग होतो.

३

मालिकेचा जन्मकाळ ध्यानात घेतला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. १९९२ मध्ये उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी एका विनोदी मालिकेतील अविवाहित मातेच्या चित्रणावर जाहीर टीका केली. त्याच वर्षी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अमेरिकन कुटुंबे ‘सिम्पसन्स’पेक्षा ‘वॉल्टन्स’सारखी व्हावीत, अशी अपेक्षा व्यक्त केली. फेब्रुवारी १९९६ मध्ये झालेल्या दूरसंचार कायद्याने नव्या दूरचित्रवाणी संचांत पालकांना कार्यक्रम रोखता येतील अशी सोय करणे बंधनकारक केले. कुटुंब आणि दूरचित्रवाणी यांचा संबंध हा त्या वर्षांत सार्वजनिक वादाचा विषय होता. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘डब्ल्यूबी’ या नव्या वाहिनीने अशा वेळी ही मालिका आणली. त्याच वाहिनीवर पुढे ‘बफी’ (१९९७) आणि ‘डॉसन्स क्रीक’ (१९९८) या तरुणांसाठीच्या, वेगळ्याच प्रकृतीच्या मालिका आल्या. तरीही वाहिनीचा सर्वाधिक पाहिला जाणारा कार्यक्रम म्हणून पाळकाच्या घराची ही कथाच ओळखली गेली.

कथा कॅलिफोर्नियातील ग्लेनओक या काल्पनिक गावी घडते. एरिक कॅमडेन हा तेथील चर्चचा पाळक. ॲनी ही त्याची पत्नी. घर चालविणारी, आणि घराची दुरुस्तीसुद्धा स्वतःच्या हातांनी करणारी. मॅट, मेरी, लूसी, सायमन आणि रूथी ही पाच मुले. १९९९ मध्ये त्यांत सॅम आणि डेव्हिड या जुळ्यांची भर पडते.

या कुटुंबाची धार्मिकता कोणत्या जातीची आहे, याकडे लक्ष द्यावयास हवे. चर्च प्रॉटेस्टंट आहे. पण त्याचा नेमका पंथ सांगितला जात नाही. तारण, पाप, कृपा अशा ख्रिस्ती संकल्पनांची तात्त्विक चर्चा क्वचितच होते. जेवणापूर्वीची प्रार्थना, रविवारची उपासना, अडचणीत असलेल्या मंडळीतील कुटुंबाला मदत आणि खरे बोलण्याचा आग्रह, या व्यवहारांतून धर्म दिसतो. पहिल्या पर्वात कृष्णवर्णीयांचे एक चर्च जाळले जाते आणि तेथील पाळकाच्या कुटुंबाला कॅमडेन आपल्या घरी आसरा देतात. १९९६ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांची चर्चे जाळली जाण्याच्या घटना गाजत होत्या. त्यांची छाया या कथानकावर उघड आहे. येथे धर्माची कसोटी कोणाला आसरा दिला यावर लागते, कोणते मत मानले यावर नाही. मालिकेची ही भूमिका तिला व्यापक प्रेक्षकवर्ग देणारी ठरली. मात्र तिच्यामुळे धर्माचा सगळा भार कुटुंबाच्या वर्तनावर येऊन पडला. सिद्धांत मागे गेला म्हणजे आचरण हेच प्रमाण उरते.

४

सुट्या भागाचा घाट बराचसा ठरलेला आहे. एखादे मूल काही लपविते. घर भरलेले असल्यामुळे ते गुपित भावंडांपैकी कोणाला तरी कळते. एकाच वेळी दोनतीन गुपिते चालू असतात आणि त्यांतून गैरसमज निर्माण होतात. आईवडिलांना सत्य कळते. आणि अखेरीस स्वयंपाकघरात, जिन्यात किंवा मुलाच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून एक संभाषण होते. मूल कबुली देते, आईवडील शिक्षा आणि क्षमा एकत्रच देतात. जाहिराती वगळता सुमारे पाऊण तासात घर पूर्ववत होते.

या घाटात प्रवचनाचे स्थान पाहण्यासारखे आहे. नायक पाळक असल्यामुळे कथेचा निष्कर्ष व्यासपीठावरून सांगण्याची सोय लेखकाला सहज उपलब्ध होती, आणि काही भागांत ती वापरलीही आहे. परंतु मालिकेतील खरे परिवर्तन घडते ते घरातील संभाषणात. एरिकचे व्यासपीठ आणि एरिकचे स्वयंपाकघर यांत स्वयंपाकघर श्रेष्ठ ठरते. प्रवचन हे निवेदकाच्या जागी बसविलेले साधन आहे असे क्षणभर वाटते. पण दोहोंत एक मूलभूत भेद आहे. निवेदक घटनेनंतर अनेक वर्षांनी बोलतो. प्रवचनकार त्याच आठवड्यात बोलतो. आपल्या मुलाचे पुढे काय होणार, हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या शब्दांमागे श्रद्धा असते, फलाची साक्ष नसते.

सुट्या भागाच्या मर्यादेत हा भेद जाणवत नाही. सिगारेट, पहिले चुंबन, खोटे सांगून केलेली भटकंती अशा चुका दुरुस्त होण्याजोग्या असतात आणि त्या दुरुस्त होतात. सोज्वळ कथेची एक अलिखित अट अशी की, घडणारे नुकसान परत भरून येणारे असावे. ही अट पाऊण तासाच्या भागात पाळता येते. अकरा वर्षांच्या मालिकेत ती पाळता येत नाही, कारण मुले मोठी होतात. भागाला पूर्वस्थिती हवी असते आणि मालिकेला वाढ हवी असते. ‘सेव्हन्थ हेवन’चा खरा संघर्ष या दोन मागण्यांमधला आहे.

५

मेरीची कथा या संघर्षाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. पहिल्या पर्वांत मेरी ही बास्केटबॉल खेळणारी, सरळ आणि उमदी मुलगी आहे. चौथ्या पर्वात संघातील मुलींची अभ्यासात पीछेहाट झाल्यामुळे प्रशिक्षक व्यायामशाळेला कुलूप लावतो. तेव्हा मेरी आणि तिच्या मैत्रिणी रागाने व्यायामशाळेची नासधूस करतात. प्रकरण पोलिसांपर्यंत जाते. ठरलेल्या घाटानुसार कबुली, शिक्षा आणि क्षमा हे सर्व घडते. मात्र घर पूर्ववत होत नाही. पुढच्या काळात मेरी शिक्षणापासून दुरावते, नोकऱ्या टिकत नाहीत, कर्ज होते, खोटे बोलणे वाढते. आणि पाचव्या पर्वात आईवडील तिला बफेलो येथे आजीआजोबांकडे पाठवून देतात. आजोबा निवृत्त लष्करी अधिकारी. त्यांची शिस्त कडक.

या निर्णयाचा अर्थ काय? परंपरेतील संस्कारकथेत हा प्रश्न निवेदकाने सोडविला असता. मोठी झालेली मेरी म्हणाली असती की, त्या दिवशी मला घराबाहेर काढले नसते तर मी सावरले नसते. किंवा म्हणाली असती की, त्या दिवशी मला क्षमेची गरज होती आणि मला प्रवासाचे तिकीट मिळाले. दोहोंपैकी कोणतेही विधान प्रेक्षकाला ऐकावयास मिळत नाही. पुढे मेरी अधूनमधून येते, विमान कंपनीत नोकरी करते, विवाह करते. पण तिचे अंतरंग कथेबाहेरच राहते. भूमिका करणाऱ्या जेसिका बील यांचे मालिकेतून हळूहळू दूर जाणे हे याचे व्यावहारिक कारण आहे. परंतु कारण व्यावहारिक असले तरी परिणाम वाङ्मयीन आहे. ज्या मुलीवर पाळकाच्या घराचा उपाय चालला नाही, तिचीच साक्ष कथेत नाही.

सायमनची कथा दुसऱ्या दिशेने त्याच ठिकाणी येते. सातव्या पर्वात (२००३) सायमनच्या मोटारीची धडक बसून सायकलवरील एक मुलगा मरण पावतो. सायमन कायद्याने दोषी ठरत नाही. मात्र मृत मुलगा परत येणार नसतो. कबुली देण्याजोगे गुपित येथे नाही आणि क्षमा करण्याचा अधिकार कॅमडेन कुटुंबाकडे नाही. पलंगाच्या कडेला बसून होणारे संभाषण या दुःखाला अपुरे पडते आणि सायमन लवकरच महाविद्यालयासाठी घर सोडतो. ज्या पर्वात बापाच्या हृदयावर शस्त्रक्रिया होते आणि त्याची स्वतःची श्रद्धाही डळमळते, त्याच पर्वात ही घटना यावी, हे सूचक आहे. या ठिकाणी मालिका आपल्या सोज्वळपणाची सीमा ओलांडून एका कठोर सत्यापाशी पोचते : आईबाप मुलाला चुकीपासून वाचवू शकतात, अपघातापासून नाही.

मॅटच्या विवाहाचा प्रसंग (२००२) याहून सौम्य, तरी महत्त्वाचा आहे. मॅट एका ज्यू धर्मगुरूच्या मुलीशी विवाह करतो आणि स्वतः धर्मांतर करण्याचा विचार करतो. परधर्मीयांना घर उघडे ठेवणारा एरिक मुलाच्या या विचाराने व्यथित होतो. आपल्या मुलाला स्वतंत्रपणे विचार करावयास शिकविले, ही संस्कारांची यशस्विता मानावी, की त्या विचाराने तो आपल्या चर्चपासून दूर गेला, हे अपयश मानावे? मालिका हा प्रश्न गंभीरपणे मांडते आणि लग्नाच्या धामधुमीत सोडून देते.

६

निवेदकाची उणीव मालिकेला स्वतःलाही जाणवली असावी, असे तिच्या दोन योजनांवरून म्हणता येते. पहिली योजना लूसीची. मधली, काहीशी अस्वस्थ, सतत स्वतःची भावंडांशी तुलना करणारी ही मुलगी पुढे धर्मशास्त्राचा अभ्यास करून वडिलांच्याच चर्चमध्ये पाळक होते. बापाचे व्यासपीठ मुलीकडे येणे, हा कृतज्ञ निवेदकाला शोधलेला पर्याय आहे. श्यामने आईची कथा सांगून जे केले, ते लूसी वडिलांचे काम पुढे चालवून करते. थोरल्या मुलाऐवजी मधल्या मुलीकडे हा वारसा जातो, हे मालिकेचे श्रेय आहे.

दुसरी योजना शेवटाची. मे २००६ मध्ये दहाव्या पर्वाबरोबर मालिका संपणार, असे जाहीर झाले होते. त्या भागात मेरी आपल्या संसारासह परतते आणि मॅट, मेरी, लूसी या तिघांच्याही घरी जुळी मुले येणार असल्याचे कळते. निवेदकाने द्यावयाचे आश्वासन येथे कथानकाने, तेही तिप्पट करून, दिले आहे. आईवडिलांना जुळी झाली तशीच मुलांनाही होणार. म्हणजे घर जसेच्या तसे पुढे चालणार. परंतु नव्या वाहिनीने मालिकेस आणखी एक पर्व दिले आणि हा रचलेला शेवट मोडला. अकराव्या पर्वात लूसीचा गर्भपात झाल्याचे कळते. एरिकला हृदयविकारामुळे थोडाच अवधी उरल्याचे सांगितले जाते, आणि अखेरीस तो त्यातूनही बरा होतो. कथनाच्या दृष्टीने या घडामोडी उद्बोधक आहेत. मृत्यूने किंवा स्मरणाने ज्याला पूर्णविराम मिळतो, ते कथन मिळालेल्या अर्थाला धरून राहते. केवळ प्रसंगांच्या जुळणीने ज्याला पूर्णविराम दिला जातो, त्याचा अर्थ पुढच्याच पर्वात उलटू शकतो.

७

निवेदक नसताना मूल्यांची हमी कोण देतो? ‘सेव्हन्थ हेवन’मध्ये ती हमी एरिक कॅमडेनच्या व्यक्तिमत्त्वाने, म्हणजे व्यवहारात त्या भूमिकेतील नटाच्या चेहऱ्याने आणि आवाजाने दिली. अकरा वर्षे प्रेक्षकांनी स्टीफन कॉलिन्स यांच्या मुद्रेत एक विश्वासार्ह बाप पाहिला. या नटाने १९७३ ते १९९४ या काळात अल्पवयीन मुलींशी लैंगिक गैरवर्तन केल्याचे प्रकरण ऑक्टोबर २०१४ मध्ये उघडकीस आले आणि डिसेंबरमध्ये त्यांनी तशी जाहीर कबुलीही दिली. मालिकेचे पुनःप्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीने ऑक्टोबरमध्येच ते थांबविले होते.

कलाकृती आणि कलावंत यांच्या संबंधाचा हा प्रश्न परिचित आहे. परंतु येथे त्याला विशेष धार आहे. खलनायकाची किंवा राजाची भूमिका करणाऱ्या नटाविषयी असे काही कळले तर भूमिकेच्या अर्थाला धक्का बसेलच असे नाही. येथे मात्र सिद्धांत मागे ठेवून आचरणालाच प्रमाण मानणारी कथा आहे, आणि त्या आचरणाला निवेदकाची साक्ष नाही. त्यामुळे सगळा आधार दिसणाऱ्या माणसावर होता. पीडित मुलींच्या वेदनेपुढे मालिकेचे भवितव्य ही क्षुल्लक बाब आहे, हे आधी म्हणावयास हवे. त्यानंतर एवढे म्हणता येते की, संहितेतील पाळक लबाड ठरला नाही. मात्र त्याच्या मुखातून येणारे ‘खरे सांग’ हे वाक्य प्रेक्षकाला पूर्वीसारखे ऐकणे अवघड झाले.

८

या विवेचनातून पुढील गोष्टी हाती लागतात. संस्कारकथेचे सामर्थ्य केवळ तिच्यातील मूल्यांत नसते. ती मूल्ये ज्याच्यावर घडली त्याच्या साक्षीत असते. ‘श्यामची आई’ किंवा ‘द वॉल्टन्स’ यांसारख्या कृतींत ही साक्ष कथनाच्या रचनेतच आहे. म्हणून त्या आश्वासक वाटतात, आणि म्हणूनच त्यांच्यात एक मर्यादाही आहे : ज्या मुलांना कृतज्ञ राहता आले नाही, त्यांची कथा त्या सांगू शकत नाहीत. ‘सेव्हन्थ हेवन’ने निवेदक सोडला आणि ती मेरीपर्यंत, सायमनपर्यंत जाऊ शकली. तेथे पोचल्यावर ती बिचकली आणि जुळ्यांच्या पाळण्यांकडे वळली, हे तिचे अपयश आहे. तेथवर ती गेली, हे मात्र नाकारता येत नाही.

मुले वाढविणाऱ्या कोणाही आईबापांपाशी उद्याचा निवेदक नसतो. आज घेतलेला निर्णय माया ठरेल की अन्याय, हे मूल मोठे झाल्यावर सांगेल, किंवा सांगणारही नाही. पाचव्या पर्वात मेरीला निरोप देणारे एरिक आणि ॲनी याच अवस्थेत आहेत. सोज्वळ म्हणून बाजूला सारल्या जाणाऱ्या या मालिकेतील तो प्रसंग अभ्यासकाने पुन्हा पाहावा तो यासाठी की, तेथे उपदेश थांबतो आणि आईबापांचे न जाणणे उघडे पडते.